उत्तरेची खिडकी

"राहू द्या हो, या वयात मला लिपस्टिक कशाला लावताय?" फोटोग्राफरच्या खांद्यावरून स्क्रीनकडे वाकून बघत म्हातारा म्हणाला, आणि स्वतःच्याच विनोदावर हसता हसता त्याला खोकला आला. ओळखपत्रासाठी लागणारा साधा फोटो होता. स्टुलावर बसवायचं, हनुवटी जरा खाली घ्या म्हणायचं, दोन्ही छत्र्यांमधले दिवे लावायचे, बटण दाबायचं, संपलं. अशी कितीतरी तोंडं रोज त्याच्या हाताखालून जात आणि जाताना थोडीफार सुधारून जात. कुणाच्या डोळ्यांखालचं काळं पुसलं जाई, कुणाच्या गालावरची पुटकुळी. हे तो करत नसे, त्याचा हात करत असे. आताही फोटो स्क्रीनवर उमटला, ओठ जांभळट दिसले, आणि माउसवरच्या हाताने स्क्रीनवरची रंगाची पट्टी आपण होऊन उबेच्या, म्हणजे पिवळसर बाजूला सरकवली. म्हाताऱ्याचे ओठ गुलाबी झाले. "दिव्यामुळे तसं दिसतं, आजोबा," तो म्हणाला. हे वाक्यही तोंडातून आपण होऊनच आलं होतं. "दिव्याला कशाला बोल लावता?" म्हातारा म्हणाला. "हृदय थकलंय माझं. ओठांचा रंग बघत जा म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय. खरा रंग आहे तो माझा. राहू द्या तसाच."

त्याने पट्टी परत मागे नेली. फोटो छापला, कापला, पाकिटात घालून दिला. म्हाताऱ्याने दाराची काच ढकलली, एक पाय बाहेर टाकला, थांबला, श्वास गोळा केला आणि मग दुसरा पाय टाकला. हे त्याने पाहिलं. एरवी पाहिलं नसतं. पुढच्या काउंटरवर स्टुडिओचे मालक फोनवर कुणाला तरी फ्रेमचे प्रकार समजावून सांगत होते. दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं, छत्र्यांमधले दिवे अजून चालूच होते आणि रिकाम्या स्टुलावर उजेड पडला होता. या दोन दिव्यांचा उजेड त्याने झोपेतही ओळखला असता. त्यानेच ते निवडून आणले होते, समोर पांढरा पुठ्ठा धरून तोच ते अधूनमधून तपासत असे. त्यांत निळं काही नव्हतं. मग दिव्यामुळे असं आपण का म्हणालो? आणि हेच वाक्य, एखादा शब्द इकडेतिकडे करून, आपण आणखी कुठे म्हणतो तेही त्याला आठवलं. उजेड थंड आहे, मुंगे. खिडकीमुळे तसं दिसतं.

मुंगी म्हणजे त्याची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती की काचेच्या पेटीत तिला बघून तिची आईच म्हणाली, ही तर मुंगी, आणि तेच नाव चिकटलं. खरं नाव फक्त शाळेत आणि हॉस्पिटलात मनगटाला बांधतात त्या पट्टीवर. त्या पेटीतही ती निळसर होती. तेव्हा कुणी उजेडाला दोष दिला नव्हता. डॉक्टरबाईंनी त्यांना एका अरुंद खोलीत बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. फुप्फुसांतून शुद्ध रक्त हृदयात परत आणणाऱ्या चार शिरा असतात. हिच्या चारही शिरा हृदयाच्या भलत्याच बाजूला उघडत होत्या. "म्हणजे असं बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "चार माणसं बाहेरची कामं उरकून घरी येतात, पण शेजाऱ्याच्या दारात शिरतात. त्यांना हाताला धरून आपल्या दारात आणायचं." त्याला ते पटलं होतं. शेजाऱ्याचं दार, आपलं दार, यात न समजण्यासारखं काही नव्हतं. एवढ्याशा मुंगीची छाती उघडून त्यांनी त्या चौघींना आपल्या दारात आणलं, मधल्या पडद्याला एक बारीकसं भोक मुद्दाम राहू दिलं, पुढेमागे दाब वाढला तर सुटकेची वाट असावी म्हणून, आणि मुंगी गुलाबी होऊन घरी आली. तो गुलाबी रंग त्याने डोळ्यांत साठवून ठेवला. धंद्याने त्याला रंग लक्षात ठेवायला शिकवलं होतं. गिऱ्हाईक नवरीच्या साडीचा तुकडा दाखवून जायचं आणि हा तोच रंग दोन दिवसांनी स्क्रीनवर बरोबर आणायचा. मुंगीच्या ओठांचा तो रंग त्याला तसाच पाठ होता, आणि नेमकं तिथेच सगळं बिघडलं असावं. तिचे ओठ कसे दिसतात हे त्याने नंतर कधी बघितलंच नाही. ते कसे दिसायला हवेत ते त्याला आधीच माहीत होतं.

पण पुढे शिवलेल्या जागी मांस जाड होऊ लागलं. दार बरोबर होतं, पण चौकट आतून भरत चालली होती. "सगळ्यांना होत नाही, काहींना होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "का?" मुंगीच्या आईने विचारलं. "ते आम्हाला अजून नीट कळलेलं नाही." बाई असं सरळ म्हणाल्या याचा त्याला तेव्हा आधारही वाटला होता आणि धडकीही भरली होती. मग मांडीतल्या शिरेतून तार घालायची, तारेवरून मिटलेला फुगा न्यायचा, अरुंद जागी तो फुगवायचा आणि काढून घ्यायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा जीव भांड्यात पडला. दुसऱ्यांदा केलं तेव्हा पहिल्यांदाचं आठवून धीर आला. मग एका शिरेत जाळीची नळी बसवली, मग नळीच्या आतही मांस वाढलं, मग पुन्हा फुगा. मुंगी सुईला कधी रडली नाही, पण वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाला गेली तेव्हा दारातच उभी राहून तिच्या आईला म्हणाली, काकू, ते फुगे जरा दुसऱ्या खोलीत ठेवाल का. त्या बाईंनी बिचाऱ्यांनी सगळे फुगे काढून न्हाणीघरात कोंडले. हे सांगताना मुंगीची आई हसत होती आणि तोही हसला होता. त्या घरात हसण्याला असलीच कारणं होती, आणि ती वाया घालवण्याची कुणाची तयारी नव्हती.

हॉस्पिटलात त्याला आपण कुणीच नाही असं वाटे. तिथे प्रत्येकाच्या हातात काही ना काही होतं, सुई, पट्टी, यंत्र, कागद. त्याच्या हातात पिशवी. म्हणून मागच्या खेपेला डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही फोटोग्राफर ना?" तेव्हा वर्गात नाव पुकारल्यासारखा तो ताठ झाला होता. "मग एक काम करा. दर रविवारी तिचा एक फोटो काढून मला पाठवत जा. तीच जागा, तीच वेळ, तोच उजेड. ओठ आणि नखं नीट दिसू देत. रोज बघणाऱ्या माणसाला फरक कळत नाही." तो रस्ताभर त्याच विचारात होता. घरी पोचल्या पोचल्या त्याने जागा ठरवून टाकली. मागच्या खोलीची उत्तरेची खिडकी. तिच्यात ऊन येत नाही, नुसता आभाळाचा उजेड येतो, दिवसभर एकसारखा, सावल्या न पाडणारा. जुने फोटोग्राफर अशा खिडकीसाठी जीव टाकत. एकच दोष, तो उजेड जरा निळसर असतो, थंड असतो, आणि फोटो काढल्यावर तो थोडा उबदार करून घ्यावा लागतो. हे धंद्यातल्या कुणालाही विचारा. यात चुकीचं काही नाही.

त्याने स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर गेल्या रविवारचा फोटो उघडला, कॅमेऱ्याने काढलेला, हात न लावलेला. मग शेजारी त्याने पाठवलेला. डाव्या बाजूची मुंगी गळ्याशी हात घेऊन बसली होती, नखं दिसावीत म्हणून, आणि तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे होते. उजव्या बाजूची मुंगी गुलाबी होती. पण त्याची नजर मुंगीवर ठरली नाही. ती तिच्या मागच्या भिंतीवर गेली. डावीकडच्या फोटोत भिंत पांढरी होती. नुसती पांढरी, चुन्यासारखी. उजेड निळा असता तर भिंतही निळी दिसली असती. हे कॅमेरा हातात धरायला लागल्यापासून त्याला माहीत होतं आणि नवशिक्यांना तो ते शिकवतही असे. चेहरा बघू नका, चेहरा फसवतो, मागे काही पांढरं असेल तर ते बघा. उजवीकडच्या फोटोत भिंत लोण्यासारखी पिवळी झाली होती. आणि मग त्याला आठवलं, की गेले कितीतरी दिवस तो फोटो बघून घरी बायकोला म्हणत होता, मागच्या खोलीची भिंत पिवळी पडत चाललीय, रंग द्यायला हवा. दर आठवड्याला थोडी जास्तच पिवळी. रंगाच्या दुकानातून छटांचं पुस्तकसुद्धा आणून ठेवलं होतं. बायको भिंतीपुढे उभी राहून म्हणाली होती, "पांढरीशुभ्र तर आहे. डोळे तपासून घे." तो चिडला होता. रंगाच्या बाबतीत तिने आपल्याला शिकवावं! "आणि हो, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे," ती जाता जाता म्हणाली होती. ती वीज कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी घेते, दिवसभर हेच वाक्य म्हणते आणि घरी ते सगळ्यांवर उधळते.

म्हणजे आपण बघत होतो. भिंत बघत होतो. मुंगी निळी होत गेली आणि तो दर रविवारी पट्टी आणखी थोडी सरकवत गेला, आणि जेवढी ती निळी झाली तेवढी भिंत पिवळी झाली. वजन काट्याच्या एका पारड्यातून दुसऱ्या पारड्यात गेलं एवढंच. त्याला आठवलं, शेवटच्या दोन-तीन वेळा हात पट्टीशी थोडा अडखळला होता. का अडखळला हे त्याने विचारलं नव्हतं. माणूस डोळ्यांवर कातडं ओढून घेतो म्हणतात. त्याला ते ओढावंही लागलं नव्हतं, त्याच्या धंद्याने ते मापाचं शिवून दिलं होतं. मालक नेहमी म्हणत, आपण फोटो काढत नाही, लोकांची समजूत काढतो. लग्नाच्या ग्रुप फोटोत कुणाचे डोळे मिटले असतील तर दुसऱ्या फोटोतून उघडे डोळे आणून तिथे बसवणं ही त्याची खासियत होती, लांबून लांबून लोक त्यासाठी येत. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टरबाईंचा फोन आला होता. फोटो ठीक दिसताहेत, तिचा सर्दी-खोकला पुरता उतरू दे, स्कॅनला थोडं थांबलो तरी चालेल. मुंगीची आई म्हणत होती, नको, आत्ताच करू या, मला ती बरी वाटत नाही. तेव्हा त्याने फोन पुढे करून तिला फोटो दाखवले होते, एकापाठोपाठ एक. बघ, बघ ना, काही फरक आहे का? आणि तिने स्कॅनचा विषय सोडून दिला होता.

"बरं वाटत नाही का रे?" मालकांनी काउंटरवरून विचारलं. घरी जातो म्हणून दिवे बंद करून तो निघाला. रस्त्यावर माणसं होती, सायकली होती, एका दुकानाबाहेर कुणीतरी फळ्यावर खडूने काही लिहीत होतं. त्याला सगळ्यांचे ओठ दिसत होते. बसथांब्यावरच्या बाईचे, वाळक्या पानासारखे कोरडे. शाळेतून सुटलेल्या पोरांचे, लालचुटुक, उघडे, ओरडणारे. इतका लाल रंग जगात सांडलेला असतो हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आणि त्याला त्या पोरांचा राग आला, अगदी खराखुरा राग, आणि मग रागाची लाज वाटली. घराच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तो जिना चढू लागला आणि पहिल्या वळणावर मुंगीसारखाच थांबला. कारण मुंगी तिथे थांबते. प्रत्येक वळणावर तिच्या बुटाची लेस सुटते. ती पायरीवर बसते, दोन्ही टोकं हातात घेते, लेसचा सशासारखा एक कान करते, दुसरा कान करते, सशाला बिळात घालून गाठ ओढते, आणि सगळं इतकं सावकाश, इतकं नीट, की खालून येणारे शेजारी म्हणतात, शहाणी पोर! या वर्षी तिने हट्ट धरून लेसचे बूट मागितले होते. चिकटपट्टीचे नकोत, ते लहान मुलांचे असतात. त्याला किती कौतुक वाटलं होतं. मुलगी मोठी झाली म्हणून त्याने मालकांनाही सांगितलं होतं. आता तो त्या वळणावर उभा होता, कठड्याला हात लावून, आणि त्याला दिसत होतं की सुटत नव्हतीच ती लेस. पहिल्या वळणावर ती सोडायची आणि बांधायची. दुसऱ्या वळणावर सोडायची आणि बांधायची. दम लागलाय म्हणून बसायचं असेल तर आईबाबांचे चेहरे बघावे लागतात. लेस बांधायला बसलं की कुणी काही विचारत नाही. आपली पोर आपल्यापासून लपवायला शिकली, आणि ती ते कुणाकडून शिकली असेल?

घरात मुंगी झोपली होती. शाळेतून आली की हल्ली ती झोपायची. वाढीचं वय आहे असं ते दोघं एकमेकांना सांगत. तिची आई आज लवकर सुटली होती आणि ओट्याशी उभी राहून चहा गाळत होती. त्याला या वेळी घरी बघून तिने काही विचारलं नाही, आणखी एक कप घेतला.

"ते फोटो खरे नाहीत," तो म्हणाला.

"कुठले?"

"रविवारचे. उजेड थंड आहे असं धरून मी रंग सरकवत गेलो. दर वेळी थोडा जास्त. उजेड बरोबर होता. तीच निळी होती."

तिने गाळणं खाली ठेवलं. चहा कपाच्या काठापर्यंत आला होता. "म्हणून भिंत पिवळी," ती म्हणाली.

"हो."

ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. तिने ओरडावं, हातातला कप फेकावा असं त्याला मनापासून वाटत होतं. ती नुसती ओट्याला टेकली आणि स्वतःच्या अंगठ्याने स्वतःचं बोट चोळू लागली. "क्लिप लावते ना मी तिच्या बोटाला," ती म्हणाली. "ऑक्सिजन बघायला. बोट गार असलं की आकडा कमी येतो, म्हणून आधी चोळायचं असं नर्सने सांगितलं होतं. मी चोळायचे थोडं. हल्ली बरा आकडा येईपर्यंत चोळत बसते. बरा आला रे आला की क्लिप काढून टाकते. परत खाली जाताना बघायला नको म्हणून." ती हे अगदी शांतपणे बोलली. "ती म्हणाली परवा, आई, पुरे, बोट दुखतंय."

चहावर साय धरली. मग तिने हात पुसले, फोन घेतला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला. पलीकडून कुणीतरी उचललं. दिवसभर लोकांची रड ऐकून घेणारी त्याची बायको, कोण किती का चिडेना जिचा आवाज कधी चढत नाही की उतरत नाही, ती, हॅलो, मला सांगायचं होतं, एवढंच म्हणाली आणि पुढे तिला शब्द फुटेना. त्याने फोन तिच्या हातातून घेतला. आतल्या खोलीत मुंगी झोपेत खोकली.

स्कॅन झाला आणि लगेच त्याच आठवड्यात तिला पुन्हा फुग्यासाठी आत नेलं. आत नेताना ती आईला म्हणाली, "फुगा लहान सांग हं," आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "अगदी लहान." बाहेरच्या जागेत एक माशांची पेटी होती, पूर्वीपासून होती. एक मासा काचेला तोंड लावून एका जागी कल्ले हलवत राही. मागच्या खेपेला हाच होता की दुसरा, यावर त्या दोघांनी बराच वेळ अगदी गंभीरपणे वाद घातला, आणि मग विषय संपला. तो नखांकडे बघत बसला. स्वतःच्या, बायकोच्या, समोर बसलेल्या अनोळखी बाईच्या. सगळी नखं गुलाबी होती आणि कुणालाच त्याचं काही नव्हतं. दरवेळी डॉक्टरबाई दारातून बोट हलवून त्यांना आत बोलवत. या वेळी त्या बाहेर आल्या, डोक्यावरची टोपी काढली आणि बाकावर त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. त्या बसल्या तेव्हाच त्याला कळलं.

"वरच्या दोन्ही बंद झाल्यात," त्या म्हणाल्या. "तार घालायलासुद्धा वाट राहिलेली नाही. खालच्यांपैकी एक थोडी उघडली. दुसरी होती तशीच."

"पुन्हा कधी करायचं?" मुंगीच्या आईने विचारलं.

"पुन्हा नाही करायचं. आता मिळेल ते फार थोडं, आणि तिला आतच काही होण्याची भीती फार मोठी. दुसरी फुप्फुसं बसवायचा विचारही आम्ही सगळ्यांनी बसून केला. ते तिला झेपणार नाही. घरी ऑक्सिजनचं यंत्र देते. औषधं आहेत. तिला आवडेल ते करू द्या."

"किती," एवढंच तो म्हणाला.

"शाळेची मोठी सुट्टी तिला मिळेल असं वाटतं. त्याच्या पुढचं नाही सांगता येत मला."

मासा पेटीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि परत आला. त्याने विचारलं. विचारायचं नाही असं ठरवूनही विचारलं. "खरे फोटो आधी आले असते तर?" डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे थकलेले होते आणि त्या टोपीची घडी घालत होत्या, पुन्हा उलगडत होत्या. "मी आधी बोलावलं असतं," त्या म्हणाल्या. "मग काय झालं असतं ते मला माहीत नाही. वरची एखादी वाचली असती, किंवा असंच झालं असतं. हा आजार असाच आहे." त्या उठल्या आणि दोन पावलं जाऊन वळल्या. "फोटो बंद करू नका. औषध कधी वाढवायचं ते मी त्यावरूनच ठरवणार."

माहीत नाही. हे दोन शब्द घेऊन तो घरी आला. कुणी त्याला दोषी म्हटलं असतं तर त्याने तो दोष छातीशी धरला असता, निर्दोष म्हटलं असतं तर कुठेतरी जाऊन रडला असता. हे म्हणजे दाराच्या ना आत ना बाहेर. ऑक्सिजनचं यंत्र मागच्या खोलीत आलं आणि गुरगुरू लागलं. मुंगीने त्याचं नाव बोका ठेवलं. बोक्याची लांब पारदर्शक शेपटी तिच्या नाकापर्यंत यायची आणि ती शेपटी सांभाळत घरभर हिंडायची. आई त्या शेपटीला अडखळली की मुंगी म्हणायची, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे. दिवस असे बरे जात होते. मधेच कधी जेवताना घास हातात धरून बायको थांबायची, किंवा तो आंघोळीच्या खोलीत नळ सोडून नुसता उभा राहायचा. छटांचं पुस्तक अजून कपाटावर पडलं होतं. एकदा त्याने ते उघडलं. त्यात पांढऱ्याच्याही पुष्कळ छटा होत्या आणि प्रत्येकीला एक गोड नाव होतं. त्याने ते कचऱ्यात टाकलं.

मग रविवार आला. सकाळी मुंगी आपण होऊनच स्टूल ओढत खिडकीपाशी घेऊन गेली. ओढून झाल्यावर स्टुलाला धरून उभी राहिली, खिडकीतून बाहेर काहीतरी मजेचं दिसत असल्यासारखी बघत राहिली. बाहेर काही नव्हतं, समोरच्या इमारतीची भिंत होती आणि वर आभाळाचा तुकडा. मग ती बसली. नाकातली नळी काढून मांडीवर ठेवली, फोटोपुरती. हात गळ्याशी घेतले, बोटं पसरली, हनुवटी जरा खाली. सगळं तिला पाठ होतं. त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. भिंगातून ती फार जवळ आली. ओठांच्या कडा, मधला भाग, नखांची मुळं. तो बघत राहिला. त्याला वाटलं, आपण हिला जन्मल्यापासून आज पहिल्यांदा बघतोय.

"बाबा, उजेड कसा आहे?" तिने विचारलं. ती हे दर रविवारी विचारायची. तो म्हणायचा, थंड आहे ग, मुंगे, जरा गरम करून घेऊ नंतर. ती म्हणायची, बरं. हा त्यांचा ठरलेला खेळ होता. दारात तिची आई येऊन उभी राहिली होती, हातात कपडे वाळत घालायची बादली घेऊन.

त्याने कॅमेरा खाली घेतला. "उजेड चांगला आहे," तो म्हणाला.

मुंगीने त्याच्याकडे बघितलं. मग आईकडे. मग परत त्याच्याकडे, बराच वेळ, एखादी वस्तू हातात घ्यावी की नाही असं ठरवताना बघतात तसं. "थंड नाही?"

"नाही. कधीच नव्हता. माझी चूक झाली होती."

तिने हात गळ्यावरून खाली घेतले. पायांकडे बघितलं. घरातच होती, पायात बूट नव्हते, तरी तिची बोटं क्षणभर पायाशी गेली आणि तिथे काही नाही म्हणून परत आली.

"बाबा, मला दम लागतो," ती म्हणाली. "जिन्यात लागतो. वर्गात फळ्यापर्यंत जाताना पण लागतो. आत्ता स्टूल ओढताना लागला." ती थांबली, श्वास घेतला. "खूप लागतो."

"माहीत आहे," तो म्हणाला. तिची आई बादली तिथेच ठेवून आत आली, स्टुलाशी खाली बसली आणि तिने मुंगीचे दोन्ही पाय आपल्या हातांत धरले. चोळले नाहीत, नुसते धरले.

"मग आता लेस बांधायला नको ना?" मुंगीने विचारलं.

"नको. मी उचलून नेईन."

"वर येताना? का खाली जाताना पण?"

"दोन्ही वेळा."

तिने जरा विचार केला आणि मान हलवली. सगळं अंग तिने सैल सोडलं, इतके दिवस कुणाचं तरी ओझं धरून उभी होती आणि आत्ता ठेवायला जागा मिळाली तसं. मग तिने हात परत गळ्याशी घेतले, बोटं पसरली. "काढ लवकर," ती म्हणाली. "मला शेपटी लावायचीय."

त्याने बटण दाबलं. फोटो त्याने तिथेच बसून पाठवला, हात न लावता. भिंत पांढरी आली होती.